'डिपेंड्स' सोडून दुसरं काही सांगणारा वकील कुणाला भेटलाय का?

तिसरी_घंटा | सोमवार, रात्री १०:५०

मंडळी, वैतागून लिहितेय, सूर तिरका लागला तर सांभाळून घ्या.

प्रश्न साधा आहे, निदान मला तरी साधा वाटत होता. भाड्याचं घर सोडलं, डिपॉझिट परत मिळालेलं नाही. मालक म्हणतात, रंगात आणि दुरुस्तीत सगळं गेलं. हे बरोबर की चूक, एवढंच मला हवं होतं. नेटवर शोधलं. पहिल्या लेखात 'मालकाला छदामही कापता येत नाही'. दुसऱ्यात 'रंगाचा खर्च भाडेकरूचाच'. तिसरा लेख ऐन मोक्याच्या जागी थांबला आणि खाली फोन नंबर.

मग दोन वकिलांना भेटले. पहिल्यांनी कागद हातातही न घेता सांगितलं, "मॅडम, शंभर टक्के आपण जिंकतो, उद्याच नोटीस काढू." दुसऱ्यांनी वीस मिनिटं माझीच उलटतपासणी घेतली आणि शेवटी काय, तर "इट डिपेंड्स". खरं सांगू, मला पहिले आवडले. पण घरी येऊन चहाचा कप हातात घेतल्यावर वाटलं, यांनी कागद का नाही बघितले?

तर प्रश्न दोन. रोजच्या कायदेशीर प्रश्नांना सरळ उत्तर मिळतं कुठे? आणि वकील निवडायचा कशावरून? डॉक्टरांच्या बाबतीत निदान शेजारणीला गुण आला का ते विचारता येतं.

ठिकाण, रक्कम, नावं मुद्दाम लिहीत नाही. मालकांचा भाचा याच संस्थळावर असतो अशी मला दाट शंका आहे.

अमिबा | सोमवार, रात्री ११:१५

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

तिसरी_घंटा | सोमवार, रात्री ११:१७

ही म्हण टाकणाऱ्याने माझं डिपॉझिट भरून द्यावं, असा नियम मी या धाग्यापुरता करतेय.

दूरदेशी | मंगळवार, पहाटे ३:२०

ठिकाण न लिहिण्यामागचं कारण पटलं, पण सगळी गोम तिथेच आहे. तुमचाच प्रश्न वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून बघा. मी राहतो त्या इंग्लंडात २००७ पासून बहुतेक खाजगी भाडेकरारांचं डिपॉझिट सरकारमान्य योजनेखाली आणावं लागतं. मुदत आता ३० दिवसांची आहे, आणि मालकाने ती पाळली नाही तर कोर्ट त्याला डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावू शकतं. कॅलिफोर्नियात घर सोडल्यापासून २१ दिवसांत काय कापलं आणि का, याचा तपशीलवार हिशेब द्यावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये त्याच कामाला १४ दिवस. एकाच देशात राज्य बदललं की उत्तर बदललं.

तुम्ही वाचलेले तीन लेख तीन वेगळ्या ठिकाणचे असतील आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबरही असतील.

काळा_कोट_निळी_शाई | मंगळवार, सकाळी ७:४०

धंद्याने वकील आहे, म्हणून हा धागा टाळून पुढे जाणार होतो. 'डिपेंड्स' वाचलं आणि राहवलं नाही.

ताई, तुमच्या दुसऱ्या वकिलांनी वीस मिनिटं काय विचारलं असेल ते मी न बघता सांगतो. करार लेखी आहे का? मुदत संपल्यावर सोडलंत की आधी? नोटीस पिरियड पाळलात का? राहायला गेलात त्या दिवशीचे भिंतींचे फोटो आहेत का? चावी कुणाच्या हातात दिली, आणि दिल्याचं लेखी काही आहे का? 'सगळं गेलं' हे मालक तोंडी म्हणाले की मेसेजवर? बरोबर?

यातल्या प्रत्येक उत्तराने निकाल हलतो. रंगाचंच घ्या. चार वर्षं राहिल्यावर भिंत मळणारच, तो नेहमीच्या वापराचा भाग झाला आणि बहुतेक ठिकाणी तो खर्च भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. पण करारात 'जाताना रंग करून देईन' अशी ओळ असेल आणि खाली तुमची सही असेल, तर चर्चा वेगळीच होते. आणि भिंतीत ड्रिलने बारा भोकं पाडली असतील तर आणखी वेगळी. कायद्याचं कलम मी तुम्हाला दोन मिनिटांत काढून देईन. ते तुमच्या भिंतीला लागू होतं का, हे मला भिंत बघितल्याशिवाय कसं कळणार?

महाराष्ट्राचं एक उदाहरण देतो, तुमचं ठिकाण तेच आहे असं नाही. तिथे भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते ग्राह्य, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे 'करार नोंदलाय का?' या एका प्रश्नाने खेळातलं पारडं फिरतं. हे न विचारता 'शंभर टक्के' सांगणारा माणूस तुमचं पारडं कुठे आहे हे न बघताच बोलतोय.

आणि निकालाची हमी हा प्रकारच मुळात चालत नाही. समोरच्याच्या फाइलमध्ये काय आहे हे आम्हाला ठाऊक नसतं, न्यायाधीशांच्या मनात काय आहे ते तर देवालाही नसतं.

तिसरी_घंटा | मंगळवार, सकाळी ८:०५

अहो, सहापैकी पाच प्रश्न शब्दशः हेच होते! सहावा नव्हता.

माझ्या करारावर नोटरीचा शिक्का आहे. म्हणजे पक्का झाला ना? फोटोही आहेत, पण निम्मे मांजरीचे.

काळा_कोट_निळी_शाई | मंगळवार, सकाळी ८:१२

बस्स. तुमच्या प्रकरणाबद्दल इथे आता एक अक्षर लिहू नका. वकिलाशी बोललेलं गोपनीय राहतं, त्याला कायद्याचं कवच आहे (भारतात पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १३२). संस्थळावर लिहिलेल्याला असलं काहीही नाही. भाच्याने स्क्रीनशॉट काढला की तो मालकांचा कागद झाला.

नोटरीबद्दल सर्वसाधारण सांगतो. नोटरी करणं वेगळं, नोंदणी वेगळी. शिक्क्याचा मुख्य अर्थ एवढाच की सही करणारा माणूस समोर आला आणि त्याने सही केली. जो कागद कायद्याने नोंदवायलाच हवा, तो कितीही लाल शिक्के मारले तरी नोंदलेला होत नाही.

दूरदेशी | मंगळवार, सकाळी ९:३०

नोटरीवरून आठवलं. लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत 'नोतारिओ' म्हणजे चांगला शिकलेला कायदेतज्ज्ञ. अमेरिकेत मात्र नोटरी व्हायला वकील असावं लागत नाही. तिथे स्थलांतरितांना या एका शब्दाच्या गोंधळात फसवणाऱ्यांचा धंदाच चालतो. पाटीवर 'नोतारिओ' लिहायचं, व्हिसाचे अर्ज भरून द्यायचे, आणि अर्ज चुकला की माणसाचं अख्खं प्रकरण बिघडतं. शब्द ओळखीचा वाटला म्हणून विश्वास टाकायचा नाही, हे मी त्यावरून शिकलो.

शेवटचा_बाक | मंगळवार, सकाळी ११:००

चालू द्या तुमचं वकीलपुराण. माझा अनुभव सांगतो, मग ठरवा.

जमिनीच्या हद्दीचा दावा. वडिलांनी लावलेला, मी पुढे चालवला. वकीलसाहेब नात्यातल्या नात्यात, म्हणून बघायचं काय त्यात? दर दोन महिन्यांनी फोन करायचो. "तारीख पडली." पुढच्या वेळी, "साहेब रजेवर होते, तारीख पडली." दोन वर्षं हे ऐकलं. शेवटी स्वतः गेलो तर कळलं, दावा केव्हाच काढून टाकलाय. आमच्याकडून कुणी हजरच नव्हतं म्हणून. वकीलसाहेब म्हणाले, ज्युनियरला पाठवलं होतं. ज्युनियर म्हणाला, मला सांगितलंच नव्हतं. वडील तोवर गेले होते.

आता बोला, निवडायचं कसं? नातं होतं, वय होतं, नाव होतं. सगळं बघूनच तर निवडला होता.

जुना_शिरस्तेदार | मंगळवार, दुपारी २:२५

बाकसाहेब, तुमचं दुःख समजतं. कोर्टात बत्तीस वर्षं नोकरी केली, असे काढून टाकलेले दावे या हातांनी नोंदवले आहेत. पक्षकार सहा महिन्यांनी पेढे घेऊन येतो, निकाल कधी लागणार विचारायला, आणि त्याला सांगावं लागतं की बाबा, दावाच उरला नाही.

असा गैरहजेरीत निघालेला दावा परत बोर्डावर घेण्यासाठी अर्ज करता येतो, पण मुदत ३० दिवसांची. उशीर झाला तर माफीचा वेगळा अर्ज आणि प्रत्येक दिवसाचं कारण. तुमचं त्या वेळी काय झालं ते विचारत नाही.

मात्र हल्ली ही पाळी कुणी स्वतःवर येऊ देऊ नये. भारतात प्रत्येक दाव्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. दावा दाखल झाला की वकिलाकडून पहिल्यांदा तो घ्यायचा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर टाकला की मागची तारीख, पुढची तारीख, त्या दिवशी काय झालं, सगळं फुकट दिसतं. वकिलाला फोन करून 'काय झालं?' विचारू नका. आधी स्वतः बघा, आणि मग विचारा, 'चौदा तारखेला आपण मुदत का मागितली?' असा प्रश्न दोनदा आला की वकिलाला कळतं, हा पक्षकार जागा आहे.

आणि तिसरीताई, वकील निवडायचा तर एक सकाळ कोर्टात घालवा. कोर्ट उघडं असतं, काही मोजके प्रकार सोडले तर कुणीही मागच्या बाकावर बसू शकतो. मोठ्या आवाजाकडे बघू नका, आवाज पक्षकारासाठी असतो. न्यायाधीशांनी तारीख विचारली, निशाणी क्रमांक (कोर्टात दाखल कागदाचा नंबर) विचारला, तर कोणाचं बोट लगेच त्या पानावर जातं ते बघा. आमच्या वेळी एक वकील होते, पाच वाक्यांच्या वर बोलायचे नाहीत. पण फाइलला रंगीत दोऱ्यांच्या खुणा, आणि साहेबांनी विचारायच्या आत पान समोर. त्यांची प्रॅक्टिस कधी फार गाजली नाही. आम्हा कर्मचाऱ्यांच्या घरचे दावे मात्र त्यांच्याकडेच असायचे.

सुपारीचं_खांड | मंगळवार, दुपारी ३:१०

शिरस्तेदारकाका, शेवटच्या वाक्यात सगळं आलं. सोन्याचा प्रतिसाद.

शेवटचा_बाक | मंगळवार, दुपारी ३:४०

तो नंबर आज शोधून काढतो. चुलत्यांचा एक दावा अजून चालू आहे, त्याच वकिलांकडे.

कुंपणावरची_सरडी | मंगळवार, संध्याकाळी ६:००

पण एवढं सगळं कशाला? मी तर आता चॅटजीपीटीलाच विचारते. व्यवस्थित कलमांसकट उत्तर देतो, 'डिपेंड्स' म्हणत नाही आणि फीसुद्धा घेत नाही.

काळा_कोट_निळी_शाई | मंगळवार, रात्री ९:१५

सरडीताई, २०२३ साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दोन वकिलांनी नेमकं हेच केलं. एका विमान कंपनीविरुद्धचा दावा होता. चॅटजीपीटीने पूर्वीचे निवाडे काढून दिले, नावं, क्रमांक, उतारे, सगळं झोकात. वकिलांनी ते कोर्टात दाखल केले. प्रतिपक्षाने शोधले तर बहुतेक सापडेनात, कारण ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. त्यातल्या एका वकिलाने त्या यंत्रालाच विचारलं होतं की हे खरे आहेत ना, आणि ते म्हणालं होतं, हो.

वापरा, वापरू नका असं मी म्हणत नाही, मीही वापरतो. 'या कागदाचा सोप्या भाषेत अर्थ सांग', 'वकिलाला काय विचारू याची यादी दे' यासाठी बरं आहे. पण कलमाचा आकडा दिला की तो मूळ कायद्यात उघडून बघायचा. भारतातले केंद्रीय कायदे सरकारच्या 'इंडिया कोड' संकेतस्थळावर फुकट आहेत, ब्रिटनचेही सरकारी संकेतस्थळावर आहेत. आणि लेख वाचताना तारीख बघायची. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली. 'चारशेवीस' हा शब्द आपल्या बोलण्यात राहील, पण फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे. तरीही निम्मं इंटरनेट अजून ४२० वरच अडलंय.

सुपारीचं_खांड | मंगळवार, रात्री १०:००

फीबद्दल कुणीच बोलत नाहीये, आणि खरी लाज तिथेच वाटते. डॉक्टरला विचारतो, प्लंबरला विचारतो, वकिलासमोर बसलं की तोंडाला कुलूप. मी पहिल्यांदा विचारलंच नाही, मग दर वेळी 'टायपिंगचे', 'झेरॉक्सचे', 'आज मोठे साहेब येणार त्यांचे'. बेरीज केली तेव्हा हसू आलं.

'जिंकलो तर टक्केवारी' हे कायदेशीर आहे का?

काळा_कोट_निळी_शाई | मंगळवार, रात्री १०:३५

पुन्हा तोच शब्द, पण ठिकाणावर अवलंबून. अमेरिकेत अपघात, इजा अशा दाव्यांत टक्केवारीवर काम सर्रास चालतं, घटस्फोट आणि फौजदारी खटल्यांत मात्र चालत नाही. भारतात बार कौन्सिलच्या (वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) नियमांनी निकालावर बेतलेली फी आणि निकालातला वाटा, दोन्हींना मनाई आहे. कुणी देऊ केलाच तर समजा की हा माणूस पहिल्याच भेटीत स्वतःचा नियम मोडतोय, तुमच्याशी कसा वागेल?

तसंच जाहिरातीचं. अमेरिकेत १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या जाहिरातीला मोकळीक दिली. भारतात अजून मनाई आहे, संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढी जुजबी माहिती चालते. त्यामुळे 'शहरातले टॉप टेन वकील' अशा याद्या मी तर हसून बंद करतो.

फीची लाज वाटू देऊ नका. पहिल्याच भेटीत विचारा: या रकमेत काय काय आलं? दावा दाखल करण्यापर्यंत की निकालापर्यंत? अपील झालं तर? कोर्ट फी वेगळी का? आणि हे सगळं लेखी मागा, साधा मेसेज चालेल. एकदम सगळी देण्याऐवजी टप्प्याने द्या. आम्हालाही बरं पडतं, खोटं नाही.

आणि बाकसाहेबांच्या किश्श्यातला खरा प्रश्न: 'माझ्या तारखेला प्रत्यक्ष कोण उभं राहणार?' नाव ऐकून तुम्ही येता, ज्युनियर उभा राहतो. त्यात गैर काही नाही, आम्ही सगळे तसेच शिकलो. फक्त त्या ज्युनियरला पहिल्या भेटीतच समोर बसवायला सांगा, आणि त्याने तुमची फाइल वाचलीय का ते बघा.

माझ्याकडे कुणी नातेवाईक सल्ला विचारायला आला तर एकच प्रश्न शिकवून पाठवतो. वकिलाला विचार, 'माझ्या बाजूत सगळ्यात कच्चं काय आहे?' चांगला वकील यावर खुलतो. त्याने ते आधीच हेरलेलं असतं. ज्याला कच्चं काहीच दिसत नाही त्याने एकतर कागद वाचले नाहीत, नाहीतर तुम्हाला सांगायचे नाहीत.

दूरदेशी | बुधवार, पहाटे २:५०

माझी भर: 'हरलो तर काय?' इंग्लंडात हरणाऱ्याने साधारणपणे जिंकणाऱ्याचाही खर्च द्यायचा असतो, अमेरिकेत सहसा ज्याचा त्याने. लहान रकमांसाठी मात्र इथे वेगळा सोपा मार्ग आहे, वकिलाशिवाय जाता येतं, आणि तिथे समोरच्याच्या वकिलाची फी सहसा अंगावर येत नाही. मी स्वतः एकदा गेलो होतो, गॅरेजविरुद्ध. जिंकलो. पैसे मात्र मिळाले नाहीत, कारण गॅरेज तोवर बंद.

जुना_शिरस्तेदार | बुधवार, सकाळी ६:४५

दूरदेशी, हे जगभर सारखंच दिसतं. आमच्याकडे हुकूमनामा, म्हणजे आपल्या बाजूचा निकाल, मिळाला म्हणजे अर्धी लढाई. उरलेली अर्धी म्हणजे दरखास्त, वसुलीसाठी. काही पक्षकार दाव्यात जेवढं थकत नाहीत तेवढे दरखास्तीत थकतात. तेव्हा दावा लावण्याआधीच वकिलाला विचारावं, 'जिंकलो तर पैसे हातात येणार कसे?'

निरांजन_२ | बुधवार, सकाळी ९:२०

फी परवडत नाही म्हणून गप्प बसणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी. भारतात विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू. कलम १२ वाचा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतली व्यक्ती, आपत्तीग्रस्त या सगळ्यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही, हे तर मला स्वतःला माझ्या घटस्फोटाच्या वेळी तिसऱ्या वर्षी कळलं. तोवर दागिने गेले होते. प्रत्येक जिल्हा न्यायालयात कार्यालय असतं, आणि १५१०० ही हेल्पलाइन आहे.

मला मिळालेली वकील मुलगी तरुण होती, घाबरत बोलायची. पण प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी फोन यायचा तिचा. आधीच्या नामांकितांनी कधी केला नव्हता.

सुपारीचं_खांड | बुधवार, सकाळी १०:१०

वकील मध्येच बदलता येतो का? आमचे म्हणतात, पूर्ण फी दिल्याशिवाय फाइल देणार नाही.

काळा_कोट_निळी_शाई | बुधवार, दुपारी १:३०

येतो. वकीलपत्र तुम्ही दिलेलं आहे, तुम्ही काढून घेऊ शकता. जुन्या वकिलांची ना-हरकत घेण्याची रीत आहे, ते देतच नसतील तर कोर्टाची परवानगी मागता येते. फाइल अडवण्याबद्दल: भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट सांगितलंय की फी थकली म्हणून पक्षकाराची कागदपत्रं अडकवून ठेवता येणार नाहीत. फीसाठी वकिलाने वेगळा मार्ग धरावा. (इंग्लंडात सॉलिसिटरला तो हक्क आहे, तेव्हा तिथली मंडळी जपून.) आधी लेखी मागा, तोंडी भांडू नका.

आणि मूळ कागद वकिलाकडे ठेवूच नका. कोर्टात लागतील तेव्हा न्या, एरवी झेरॉक्स द्या.

एक गोष्ट राहिली, आणि माझ्या ऑफिसात रडारड बहुतेक हिच्यावरूनच होते: मुदत. पैशांच्या बहुतेक दाव्यांना भारतात तीन वर्षं आहेत, १९६३ चा कायदा. इंग्लंडात करारभंगाला सहा. ग्राहक तक्रारीला भारतात दोन. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते संपले की एका महिन्यात तक्रार. लोकांना वाटतं, वकिलाची नोटीस गेली म्हणजे घड्याळ थांबलं. अजिबात थांबत नाही! नोटीसा पाठवण्यात अडीच वर्षं घालवून आलेली माणसं मी बघितली आहेत. हां, मुदतीच्या आत समोरच्याने 'देणं आहे' असं सहीनिशी लिहून दिलं तर मुदत नव्याने सुरू होते. म्हणून 'देतो हो, बघू' हे तोंडी ऐकून खूश होऊ नका, लिहून घ्या.

अमिबा | बुधवार, दुपारी २:००

म्हण मागे घेतो. उधारी वसूल करायची आहे, पावणेतीन वर्षं झाली आहेत. उठतो.

काळा_कोट_निळी_शाई | बुधवार, दुपारी २:०३

धावा.

तिसरी_घंटा | अकरा दिवसांनी, रविवार, संध्याकाळी ७:३०

धागा वर काढतेय, कारण सांगायला काहीतरी आहे. तपशील गाळून.

बसले आणि एका पानावर तारखा लिहून काढल्या. करार कधी, घरात कधी गेले, पहिली गळती कधी, मालकांना मेसेज कधी, चावी कधी. तासाभराचं काम वाटलं होतं, अख्खा शनिवार गेला. मी छातीठोकपणे सांगत होते की महिनाभर आधी नोटीस दिली होती. मेसेज काढून बघितला तर बावीस दिवस. म्हणजे माझ्या बाजूत कच्चं काय, ते मलाच सापडलं. वकिलांसमोर सापडलं असतं तर तोंडघशी पडले असते.

ते पान घेऊन 'डिपेंड्स'वाल्यांकडेच परत गेले. पान वाचून म्हणाले, आता बोलता येईल. मी कोटवाल्या दादांनी शिकवलेला प्रश्न विचारला, कच्चं काय. त्यांनी बावीस दिवसांवर बोट ठेवलं. त्याचं फार तर आठ दिवसांचं भाडं जाईल म्हणाले, बाकीचं मागा. आणि मग म्हणाले, एवढ्या रकमेसाठी आत्ता माझी नोटीस नको, तुम्हीच साधं पत्र लिहा, काय कापलं त्याचा बाबवार हिशेब आणि बिलं मागा, पोच घ्या. उत्तर आलं नाही तर या. सल्ल्याची फी घेतली, पावती दिली.

पत्र गेलं. काल हिशेब आला. रंग, नळ, सफाई, आणि चौथ्या ओळीत 'गीझर दुरुस्ती'.

घरात गीझर नव्हताच. मी माझा आणला होता आणि जाताना काढून नेला.

सुपारीचं_खांड | रविवार, संध्याकाळी ७:४१

पुरावा आहे का काही?

तिसरी_घंटा | रविवार, संध्याकाळी ७:४४

मी राहायला गेले त्या आठवड्यातला फोटो आहे. मांजर गीझरच्या रिकाम्या खोक्यात झोपलीय आणि मागे बाथरूमची भिंत, नुसती. कोटवाले दादा, मांजरीचा फोटो चालतो का?

काळा_कोट_निळी_शाई | रविवार, रात्री ८:१०

चालतो. मूळ फोन मात्र विकू नका, आणि फोटो कापून-छाटून ठेवू नका, आहे तसा राहू द्या. गीझरच्या खरेदीचं बिल शोधा. आणि भाचा हे वाचत असेल तर त्याला माझा नमस्कार.

तिसरी_घंटा | रविवार, रात्री ८:१६

अरे देवा. पुन्हा लिहिलंच मी सगळं.